पाहुण्यांची बाटली

आमच्या मेर्सिन शहरात घरात एक वेळ जेवण नसलं तरी चालेल, पण आलेल्याच्या तळहातावर ओतायला कोलोन्या, म्हणजे स्पिरिटचं सुगंधी पाणी, हवीच. लिंबाची, संत्र्याच्या फुलांचा हलका वास असलेली. आणि कपाटातली ती चांगली बाटली फक्त पाहुण्यांची. तिला घरच्यांनी हात लावायचा नसतो.

नेझिहे आत्या बाबांची थोरली बहीण. लग्न नाही केलं, जन्मभर लोकांचे पडदे शिवले, पँटी आखूड करून दिल्या. घराण्यात तीच मोठी, म्हणून ईदला सगळे आधी तिच्याकडे. तिच्या हाताचा मुका घ्यायचा, मग ती कोलोन्या ओतणार, मग चॉकलेट. हा तिचा मान. दुसरं मिरवायला आहे काय तिच्याकडे!

या ईदला आत्या बाटलीला रुमाल गुंडाळून बाहेर आली. आधी तुर्कान काकूच्या हातावर ओतली. पांढरी! दुधासारखी!

"अगं बाई! वन्सं, ही कोलोन्या आहे की ताक?"

सगळे फिस्सकन हसले. मीपण, आवरलंच नाही. पाणी घातलं की कोलोन्या पांढरी होते हे इथं शेंबड्या पोरालाही माहीत.

बाबा हळूच म्हणाले, "आक्का, संपली होती तर सांगायचंस ना. पेन्शन पुरत नाही का?"

तिनं हो म्हणायचं होतं! गरिबीवर कोणी हसलं नसतं. पण आत्याला खोटं जमतच नाही. कान लालबुंद झाले.

"पेन्शनचं काही नाही रे. मीच लावली. रोज सकाळी, मानेला, मनगटाला. मग बाल्कनीत बसायचे. आज बघते तर तळाला गेलेली. तेवढ्यात तुमची बेल वाजली, धरली नळाखाली."

"रोऽज?" काकूनं डोळा मारला. "कोणासाठी ओ? खालचा न्हावी का?"

"कोणासाठी नाही गं. वास आवडतो."

असं म्हणाली, जणू चोरी करताना पकडलंय. सत्तरीची बाई, स्वतःच्या घरात! मला तिच्याकडे बघवेना.

बाबा खाली जाऊन नवी बाटली घेऊन आले. आत्यानं मान खाली घालून एकेकाच्या ओंजळीत ओतली, भरपूर, मनगटावरून ओघळेपर्यंत. मग झाकण घट्ट लावलं आणि बाटली काकूच्याच हातात दिली.

"तूच ठेव वर कपाटात. उंच ठेव."

आणि काकूनं ठेवली. आम्ही कोणी एका शब्दानं म्हटलं नाही, की आत्या, तूपण घे ना.