परतीचे लिफाफे

नामदेवकाका पोस्टमन रजिस्ट्री ज्याच्या नावाची त्याच्याच हातात देत. माणूस शेतात असला तर शेतात जात, आंघोळीला बसला असला तर मोरीबाहेर थांबत. एकदा तर त्यांनी मुंडावळ्या बांधलेल्या नवरदेवाची सही घेतली. भटजी मंगलाष्टकं थांबवून उभे. "नाव तुमचं, तं दस्तखत बी तुमचंच," एवढंच म्हणत. भीमपूरजवळच्या आमच्या गावात त्यांच्याशी वाद घालायच्या भानगडीत कोणी पडत नसे.

नव्वदच्या सुमारास नागपूरच्या एका डॉक्टरांनी, जे मूळचे आमच्याच गावचे, पन्नाशी ओलांडलेल्या सगळ्यांना टपालाने लिफाफे पाठवले. आत पुठ्ठ्याचं कार्ड, लाकडी काडी आणि तिकीट लावलेला परतीचा लिफाफा. तीन दिवस शौचाचा ठिपका कार्डावर लावून, वाळवून परत पाठवायचा. त्यात डोळ्यांना न दिसणारं रक्त असलं तर तपासणीत कळे, आणि आतड्याचा कॅन्सर वेळेत सापडे. काकांनी ही सूचना पारावर मोठ्याने वाचून दाखवली. वाचन संपेपर्यंत पारावर एक म्हातारा उरला होता, आणि त्याला ऐकू येत नव्हतं.

तिकीट लावलेला लिफाफा परत जात नाही, हे काकांना सहन होईना. महिनाभर ते दारोदार विचारत फिरले, "झालं का नाही?" आमच्या किराणा दुकानात भर गिऱ्हाइकांत त्यांनी बाबांना विचारलं, तेव्हा बाबांच्या हातातलं साखरेचं माप तसंच राहिलं. शेवटी कंटाळून लोकांनी लिफाफे दिले. उत्तरं आली. सगळं गाव ठणठणीत.

खरी गोष्ट अशी, की डॉक्टर आपलं बघणार म्हटल्यावर ते चांगलं असावं असं प्रत्येकाला वाटलं. पाहुण्यापुढे फुटकी कपबशी कोण ठेवतो? मग घरात ज्याचं पोट उत्तम, त्याचं कार्डावर लागलं. बाबांच्या कार्डावर माझं होतं. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा, दगड पचवणारा. मला त्याचा थोडा अभिमानही वाटला होता, हे सांगायची आज लाज वाटते.

पुढच्या वर्षी पुन्हा लिफाफे आले. बाबांचा लिफाफा मी काकांना दिला, पण त्यांनी तो थैलीत टाकला नाही. ते सरळ आत बाबांकडे गेले.

"किसनभाऊ, हे तुमचं हाय का पोराचं?"

"तुले काऊन पंचाईत?"

"नाव तुमचं हाय. मी हे नेत नाही."

त्यांनी डॉक्टरांना लिहून नवं कार्ड मागवलं. मग तीन सकाळी बाबा तांब्या घेऊन ओढ्याकडे निघाले, की काका मागे. पळसाखाली पाठ करून उभे राहत. सगळ्या गावाने हे पाहिलं. बाबा त्यांच्याशी बोलेनासे झाले.

महिन्याभराने उत्तर आलं. बाबांच्या कार्डात रक्त होतं. नागपूरला ऑपरेशन झालं. गाठ लहान होती, वेळेत सापडली. त्यानंतर कितीतरी वर्षं बाबा दुकानात बसले.

त्याच वॉर्डात, बाबांपासून तिसऱ्या खाटेवर नामदेवकाका होते. त्यांचंही उत्तर त्याच टपालात आलं होतं. ते त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनी त्यांचं पोट उघडलं आणि तसंच शिवलं. फार पसरलं होतं.

"बाबांच्या कार्डावर माझं होतं, हे तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं.

"पयल्या साली मी बी जावयाचं पाठवलं व्हतं," काका म्हणाले. "मले तवाच रगत जाऊन राह्यलं व्हतं. कागद आला, सारं ठीक हाय म्हून. जावयाचं ठीकच व्हतं."

मला हसू आलं आणि त्यातच डोळे भरले. "मग तेव्हाच स्वतःचं का नाही पाठवलं, काका?"

"साऱ्या गावाच्या मांगं मी लागलो व्हतो. माहंच खराब निघालं असतं, तं भेवानं तुमी लोकायनं पाठवलं असतं का?"

"पाठवलं असतं, काका," मी म्हणालो.

ते खोटं होतं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. काका पोळ्याच्या आधी गेले.