दोरीवरच्या गाठी

आमच्या खाणीत पाण्याखालून परत येताना वाट दिसत नाही. नागपूरबाहेरची ती जुनी दगडाची खाण पाण्याने भरलेली आहे, आणि तळाचा गाळ एकदा उठला की स्वतःचा हातसुद्धा दिसेनासा होतो. म्हणून खाली जाणारा काठाजवळच्या दगडाला दोरी बांधतो आणि हातातल्या रिळावरून ती सोडत पुढे जातो. परत येताना दोरी बोटांत धरून रीळ गुंडाळत यायचं. दोरीला ठरावीक अंतरावर बारीक गाठी मारलेल्या असतात. त्या बोटांनी मोजल्या की काठ किती लांब राहिला ते कळतं.

हे मला सरांनी शिकवलं. ते डायव्हिंग शिकवतात. लकडगंजमध्ये एका लाकडाच्या वखारीमागे त्यांच्या सामानाची खोली आहे. कॉलेज सुटल्यावर मी तिथे सामान धुवायला जाते आणि त्याच्या बदल्यात सर मला शिकवतात. घरी फक्त सामान धुण्याचं माहीत होतं. कॉलेजात जाणारी मी आमच्या घरातली पहिलीच, त्यामुळे इथलं मी जेवढं सांगते तेवढंच घरी पोचतं.

सरांचा एक नियम आहे. ज्याने रीळ धुतलं, त्यानेच पुढच्या वेळी ते पाण्यात न्यायचं. त्यामुळे धुताना कोणी घाई करत नाही. त्या शुक्रवारी त्यांनी गाळाने माखलेलं एक रीळ माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "रविवारी हे तू ने. पुढे तू, मागे मी." तोपर्यंत मी नेहमी मागेच असायचे. मी "बरं" म्हटलं, आणि ते त्यांना ऐकू गेलं की नाही कोण जाणे.

वखारीकडे त्या दिवशी पाणी नव्हतं, म्हणून रीळ मी माझ्या खोलीवर आणलं. दोरी सगळी उलगडून टबात भिजत घातली. वरवर पाणी ओतून भागत नाही. आतले वेढे ओले आणि गाळाचे राहिले तर दोन दिवसांत वास सुटतो. रिकाम्या चाकावरून जुना टूथब्रश फिरवला. दोरी चिमटीतून हळूहळू ओढत नेली, कुठे धागा उसवला असेल तर तो नखाला लागतो. मग ती पॅसेजमध्ये सावलीत वाळत टाकली. नायलॉनला ऊन सोसत नाही, आणि इथलं तर नाहीच.

शनिवारी सकाळी रामटेककडच्या आमच्या गावाहून बाबा डोळे दाखवायला आले. रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी डोळ्यांत औषध घातलं आणि दिवसभर धूसर दिसेल म्हणून सांगितलं. त्यांना खोलीवर बसवून मी प्रॅक्टिकलला गेले. दुपारी परत आले तर बाबा खाटेवर बसलेले आणि मांडीवर ती सगळी दोरी.

"ये वं," ते म्हणाले. "काय हाल करून ठेवले या दोरीचे! जागोजागी गाठी. कवाचा सोडून राहिलो."

"सगळ्या सोडल्या?"

"मंग! दोन-चार त दातानं सोडा लागल्या."

आमच्याकडे दोरीला गाठ राहू देणं म्हणजे आळस. बैलाचं दावं असो की भारे बांधायची दोरी, काम झालं की गाठी सोडायच्या, वेटोळं करायचं आणि खुंटीला टांगायचं. पोरीने केलं नाही, म्हणून बापाने केलं.

"बाबा, त्या मुद्दाम मारल्या होत्या."

"मुद्दाम? काहून?"

"मोजाले. खाली काही दिसत नाही ना, त बोटानं मोजा लागते."

"कोण मोजते?"

'सर' असं म्हणता आलं असतं. "उद्या मी," मी म्हटलं.

बाबांनी दोरी बाजूला ठेवली. "तू पाण्यात जाते?"

"हो."

"आन् हवा?"

"पाठीवर टाकी रायते."

"ते सरली त?"

"त्याच्या आधीच वापस यायचं. म्हणून त दोरी."

मग बाबा म्हणाले, "आता गाठीच नाही, म्हणजे उद्याचं त राह्यलं." स्वरात सुटका होती. गाठींशिवाय सरांनी मला पाण्यात उतरू दिलं नसतंच. आणि बाबा एकदा "राहू दे" म्हणाले असते, तर मी राहू दिलं असतं. हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

"परत मारता येतात," मी म्हटलं.

मी टेप काढला आणि खाली बसून मापाने गाठी मारायला लागले. थोड्या वेळाने त्यांचा हात पुढे आला. मी मारलेली गाठ त्यांनी अंगठ्याने चाचपली.

"हे गाठ आहे? बोटाले लागून नाही राहिली." त्यांनी दोरी घेऊन दुहेरी गाठ मारली. दोरी जिच्यातून आतबाहेर होते त्या रिळाच्या कडीतून मी ती ओढून पाहिली. अडकली.

"इथं अडकली त मी खालीच अडकीन."

"मंग बारीक मार म्हणाव ना!"

"म्हटलं होतं."

"मनात म्हटलं असशीन. तुह्या तोंडातून आवाज निघते कधी?"

त्यांनी ती सोडली आणि बारीक मारली. मग मी मापत गेले आणि ते मारत गेले. प्रत्येक गाठ दोन्ही हातांनी ताणून, डोळे मिटून बोटाने बघायचे आणि मगच पुढची. शेवटी मी दोरी हलका ताण देत रिळावर गुंडाळली, दुसरं टोक त्यांनी धरलं.

संध्याकाळी बसमध्ये बसवून दिलं, तेव्हा खिडकीतून म्हणाले, "तुह्या आईले मी सांगन. आन् पाण्यात जायच्या आधी फोन नको करू. बाहेर निघाल्यावर कर."

रविवारी सरांनी रीळ हातात घेऊन दोरी थोडी ओढून पाहिली आणि परत दिली. खाली गेलो. वळताना माझ्याच पायाने गाळ उठला. मग फक्त दोरी होती. गाठ आली, मोजली, पुढे गेले. पुढची यायला वेळ लागतोय असं वाटलं की तीही यायची. मागे सरांचा हात माझ्या घोट्याला लागत होता.

काठावर बसून फोन केला. पहिल्याच रिंगला उचलला.

"निघाली?"

"निघाली."

"गाठी?"

"एकही नाही सुटली."

"बरं," बाबा म्हणाले, आणि मागून आई काय विचारतेय ते ऐकत थांबले. "जेवून घे म्हणते."

मी फोन ठेवला. रिळातून अजून गढूळ पाणी गळत होतं. रीळ मी धुवायला माझ्याच पिशवीत ठेवलं.