एक जुडी, एक वाक्य

फेब्रुवारीतला शेवटचा रविवार. पुढ्यात मेथी निवडायला घेतलेली, आणि समोर ताईची पल्लवी. दुसऱ्या दिवशी तिचा बारावीचा इंग्रजीचा पेपर. ताईला जाऊन जेमतेम आठवडा झाला होता.

"मावशी, मी नाही बसणार. आत्या म्हणते, सुतकात कसली परीक्षा?"

"परीक्षेला सुतक नसतं. हे वाक्य पॅसिव्ह कर, चल."

ओल्या मेथीचा तो कडवट वास... आणि मखमलाबादचा आमचा मळा आठवला — थंडीतली उतरती उन्हं, खाली अंथरलेलं ओलं गोणपाट, मातीने काळी पडलेली बोटं, आणि केळीच्या सोपटाने जुड्या बांधत बसलेल्या आम्ही दोघी बहिणी. ताई बारावीला, मी आठवीत. वेगळं अभ्यासाला बसायची सवड नसे, म्हणून तिने रीत घातली होती — एक जुडी, एक वाक्य. ढिगाला टेकवलेल्या पुस्तकातून मी वाक्य वाचायचं, तिने ते पॅसिव्हमध्ये फिरवायचं. चुकलं, की बांधलेली जुडी सोडून पुन्हा बांधायची.

"राहू दे ना ताई, एवढ्याशा चुकीला काय..."

"सोड म्हटलं ना! सैल जुडी घेतं का कोणी बाजारात?"

पेपरच्या आदल्या संध्याकाळी तिने इतक्या जुड्या सोडल्या, की अर्धी मेथी बांधायचीच राहिली. पहाटे टेम्पो अर्धाच भरून गेला. दादा — आमचे वडील — उरलेल्या ढिगाकडे बघून एवढंच म्हणाले, "आधी हे उरका. पेपर काय, पुन्हा येतो."

ताई खाली बसली. शेवटची जुडी बांधून झाली तेव्हा पेपर कधीच सुरू झाला होता. पुन्हा काही ती परीक्षेला बसली नाही. उन्हाळ्यात तिचं लग्न झालं.

पल्लवीचं वाक्य चुकलं. मी काही बोलायच्या आत तिने निवडलेली मूठभर पानं परत ढिगात टाकली आणि पहिल्यापासून निवडायला घेतली. ही रीत तिला कोणी लावली, हे विचारायची गरज नव्हती. मला रडूबिडू आलं नाही. मी पुढचं वाक्य वाचलं.

सकाळी पाहिलं, तर अर्धी मेथी निवडायची राहिलेलीच होती. तशीच ओट्यावर ठेवली, स्कूटर काढली, पल्लवीला केंद्रावर नेलं, आणि ती आत जाऊन फाटक बंद होईपर्यंत बाहेर उभी राहिले.