दिघोरीच्या बंद रोबोटचा आकडा

सुगत साकोलीच्या एका शाळेत संगणक सांभाळायचा. पगार बेताचा, ऐट तहसीलदाराची. रोबोट स्पर्धेत दोन संघ विरुद्ध दोन संघ खेळतात, गुण जोडीला मिळतात. त्या गुणांतून प्रत्येक संघाचा वाटा सुगत संगणकावर काढी आणि पुढचा निकाल आधीच भिंतीवर झळकवी. त्या दिवशी सकाळपासून एकही निकाल चुकला नव्हता. पोरं त्याच्याजवळून जाताना आवाज खाली आणू लागली होती.

एकोडी आणि दिघोरीचे संघ एकाच गाडीनं आलेले. सोबत आलेल्यांना आपल्याकडं पंगतीतही कोणी तोडत नाही, म्हणून सुगतनं त्यांना दर सामन्यात एकाच बाजूला ठेवलं. एकोडीच्या रीनाला नागपूरची फेरी गाठायची होती. त्यासाठी साखळीत पहिल्या दोन आलेल्या संघांपैकी कोणीतरी तिला अंतिम सामन्यासाठी जोडीदार म्हणून निवडायला हवं होतं.

सुरुवातीलाच दिघोरीच्या रोबोटची मोटार जळाली. नियमापुरतं पोरं त्याला उचलून रेघेवर ठेवत. तो हलत नसे. गुण सगळे रीना आणायची. पण भिंतीवर दोघांचेही आकडे बरोबरीनं चढत होते. जळका वास सभागृहातून जाईना. मागून कोणीतरी कुजबुजलं, "मुर्दा खेळून राहिला बे!"

सुगतशेजारी गुण लिहीत बसलेल्या माझं डोकं सणकलं. "काय बे सुगत, हे काय भूत नाचवून राहिला?"

त्यानं पडद्याकडं पाहिलं. चेहरा उतरला. "भाऊ, हे दोघं कधी वेगळे खेळलेच नाही. कोनाचा वाटा किती, मशीनले कळतच नाही. अर्धा-अर्धा वाटून राहिली."

"मंग माइकवर सांग!"

सांगितलं त्यानं. आकडा खोटा आहे, चूक माझी आहे, असं स्वच्छ सांगितलं. कोणी हसलं नाही, कोणी ऐकलंही नाही.

साखळीत पहिल्या आलेल्या संघाचा भुपेंद्र जोडीदार निवडायला उठला. "दिघोरी."

"अबे, डोये फुटले का तुये? बंद आहे तो!" मी ओरडलो.

"म्हनूनच, काका. एकोडी धडपडते तवा तेवढे गुन. हा नुसता उभा राहून तेवढेच आनते."

दुसऱ्या क्रमांकाची मेघा रीनाकडं बघेना. "तिचे गुन मुर्द्याचे होते," एवढंच पुटपुटली आणि तिसऱ्याच संघाला घेऊन बसली.

अंतिम सामन्यात भुपेंद्र एकटाच धावला. बाजूला दिघोरीचा रोबोट रेघेवर तसाच. आता तो चालेल, आता चालेल, म्हणून सगळं सभागृह श्वास धरून त्याच्याकडंच पाहत होतं. भुपेंद्र हरला. टाळी एकही नाही.

मग भिंतीवरचे आकडे आपोआप बदलू लागले. दिघोरी पहिल्यांदाच एकोडीशिवाय खेळली होती. तिचा आकडा खाली, आणखी खाली, शून्यापाशी येऊन थांबला. एकोडीचा वर सरकत सगळ्यांच्या माथ्यावर गेला.

रीना भिंतीसमोर उभी होती. "सर, आता तरी घेतील का मले?"

सुगतनं बटण दाबलं. भिंत काळी झाली. पोरं मुकाट दाराकडं सरकली. रीनाला वाट देताना मात्र जरा लांबूनच.