गाईडसर आणि लाल ठिपका

अख्ख्या वऱ्हाडात एक कप चहाही शेवटपर्यंत न प्यायलेला माणूस एकच, आणि तो म्हणजे माझे पीएच.डी.चे गाईड. दिवसभर उकळत ठेवायची विक्रिया अकोल्याच्या आमच्या प्रयोगशाळेत ते मायक्रोवेव्हमध्ये पाच मिनिटांत उरकत, आणि मग बाकी सगळं जग त्यांना रेंगाळलेलं वाटे. हिवरखेडच्या एका लग्नात "भाजी काहून घंटाभर शिजवून राहिले भाऊ?" म्हणून त्यांनी आचाऱ्याशी असा वाद घातला, की त्यानं वैतागून झारा यांच्याच हातात दिला. नायट्रोजनवर तर त्यांचा भारी जीव. "कार्बनच्या कड्यात नायट्रोजन बसला का रेणूले अक्कल येते बेटा," हे ते नव्या सुनेचं कौतुक करावं तसं सांगत. मायक्रोवेव्ह सरांच्या घरचा, वहिनींच्या स्वयंपाकघरातून उचललेला. त्याची आतली काचेची थाळी फिरायची बंद पडलेली, एकाच जागी नीट तापायचं, म्हणून सरांनी तिच्यावर नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला होता. चंचुपात्र ठेवायचं ते तिथंच!

माझ्या प्रबंधातलं सगळ्यात देखणं, दोन नायट्रोजनवालं पांढरंशुभ्र संयुग त्या ठिपक्यावर हमखास बनायचं. प्रबंध सादर झाला, तोंडी परीक्षा आठवड्यावर आली, आणि सरांना हुक्की आली, दुसऱ्या मायक्रोवेव्हमध्ये करून बघू. झालं! नुसतं काळं डांबर. पुन्हा केलं, पुन्हा डांबर. म्हणजे करामत आमची नव्हतीच, ठिपक्याखालच्या त्या एका जास्त तापणाऱ्या जागेची होती. मी रडकुंडीला आले. पातूरहून रोज एसटीचे धक्के खाऊन गाठत आणलेली पदवी हातची चालली होती.

"परीक्षकांले सांगा लागते," सर एवढंच म्हणाले. मला त्यांचा असा संताप आला!

अमरावतीला विद्यापीठात, तोंडी परीक्षेत, मी तोंड उघडायच्या आत सरच उठले. "हे संयुग आमच्या एकाच मशीनवर बनते, दुसरीवर जळते. पोरीची चूक नाही. आंधीच तपासा लागत व्हतं, मी घाई केली." परीक्षकांनी चष्मा पुसला, तेवढी दुरुस्ती प्रबंधात घालायला सांगितली आणि पदवीची शिफारस केली.

मी पाया पडायला वाकले, तर सरांनी अडवलं. "माहा राग आला व्हता ना तुले?"

"आला होता, सर."

"आलाच पाहिजे," म्हणाले, आणि घाईघाईनं निघालेही.

सर आता निवृत्त आहेत. माझे विद्यार्थी पांढरी पूड नाचवत आले, की मी त्यांना दुसऱ्या यंत्रावर पाठवते. पोरं चिडतात, पाय आपटत जातात. चिडू देत. तेव्हा मला सरांची फार आठवण येते.