ओवाळणीचा मका

आमच्या खुटबावच्या शिवारात कापूस कुणी लावत नाही. ऊस लावतात, कांदा लावतात, गाईंसाठी घास करतात. कापूस आमच्या गावाला माहीत तो देवाच्या वातीपुरता आणि लग्नातल्या गादीपुरता. तरीही बीटी कापसाचं बियाणं आल्यानंतरच्या त्या दोन-चार वर्षांत त्याच्याविषयी आमच्या गावाला जेवढं कळत होतं तेवढं कापूस पिकवणाऱ्या मुलखालाही कळत नसेल. डेअरीच्या रांगेत, पारावर, केडगावच्या स्टेशनात गाडीची वाट बघताना माणसं त्यावर तासतासभर बोलायची. आणि हे ज्ञान गावात आणणारी मी. ते मी कसं आणलं, हे आजवर मी कुणाला सांगितलेलं नाही.

माझं माहेर शिरूर तालुक्यातलं, पाबळच्या बाजूचं. बारावीला मी सायन्स घेतलं होतं आणि त्यात काठावर पास झाले होते. यातली पहिली गोष्ट सासरी सगळ्यांना माहीत होती, दुसरी कुणालाच नव्हती. सासरची माणसं मूळची मेंढरांमागची. सासऱ्यांना सगळं गाव आबा म्हणायचं, मीही. त्यांचं अर्धं आयुष्य मेंढरांमागं चालण्यात गेलं होतं आणि उरलेलं अर्धं एका जागी बसायची सवय लावण्यात. ते जनावराजवळ गेले की आधी बोलत नसत. नुसते उभे राहून बघत. मला वाटायचं, म्हाताऱ्याला सांगण्यासारखं काही नाही म्हणून गप्प आहे.

घरात पाच गाई होत्या, पण त्यातली एक माझी होती. तिची आई ती आठ दिवसांची असताना गेली, आणि त्या कालवडीला मी बाटलीनं दूध पाजून वाढवलं. कपाळावर पांढरा टिळा होता. मी गोठ्यात शिरले की बाकीच्या चार गाई घमेल्याकडं बघायच्या, ती माझ्याकडं बघायची. ज्या दिवाळीची ही गोष्ट आहे तेव्हा ती पाच महिन्यांची गाभण होती आणि दोन्ही वेळचं दूध देत होती.

त्या वर्षी परतीच्या पावसानं पाबळकडचा मका खळ्यावर गाठला. भाऊबीजेला माझा धाकटा भाऊ टेम्पो घेऊन आला. लोकांचे भाऊ साडी आणतात. माझ्या भावानं मक्याची सहा पोती आणली.

"जरा भिजलाय ताई, पर दाणा चांगलाय," तो म्हणाला. "तुझ्या गाईला होईल."

मी त्याला ओवाळलं आणि पोती गोठ्याच्या भिंतीला लावून घेतली. सासूबाईंनी एका पोत्यात हात घातला, मूठभर मका नाकाशी नेला आणि म्हणाल्या, "वास येतोय गं याला."

आता हे समजायला सासुरवास सोसलेला असावा लागतो. माझ्या माहेरच्या पापडांना पापडखार जास्त असायचा, माहेरच्या गोधडीचे टाके लांब असायचे, माहेरच्या पाहुण्यांना बोलायचं वळण नसायचं. आठ वर्षं मी हे ऐकत होते. त्यामुळं त्या मक्याचा वास मला येणं शक्यच नव्हतं. खरं सांगायचं तर आला होता. ओल्या गोणपाटाचा असतो तसा, कुबट. पण मी म्हणाले, "परतीच्या पावसाचा वास हाय आत्या. उन्हात टाकते, जाईल."

उन्हावर आमच्याकडं सगळ्यांचा विश्वास आहे. लोणच्याला बुरा आला, ऊन दाखवा. गादीत ढेकूण झाले, ऊन दाखवा. भाकरीला बुरशी आली तर ती झटकून, वाळवून, भिजवून गव्हाणीत टाका, कारण माणसाला चालत नाही ते जनावराला चालतंच, हे तर आमच्याकडं लहान पोरालाही माहीत असतं. मीही लागेल तसा एकेका पोत्यातला मका तीन दिवस वाळवला. दाण्यांवरची हिरवट बुरशी राखाडी झाली, आणि हातानं चोळल्यावर तीही उडून गेली. मग गिरणीतून भरडून आणला आणि सरकी पेंडीत कालवून माझ्या गाईपुढं पहिलं घमेलं ठेवलं. दुसऱ्या गाईंना दिला नाही. माहेरची ओवाळणी माझ्या एकटीच्या गाईची.

तिनं हुंगलं आणि तोंड फिरवलं. घमेलं पुढं सरकवलं तर मान दुसऱ्या बाजूला नेली.

आबा दारात उभे होते. "जनावर नाक फिरवतंय म्हंजी त्यात कायतरी हाय," ते म्हणाले. "मेंढरू सुदिक हुंगून खातं पोरी."

मेंढराचं शहाणपण सायन्सवालीला सांगतात, याचं मला हसू आलं. आमच्या भागात गुऱ्हाळं पावलोपावली. शेजारच्या गुऱ्हाळातून मी तांब्याभर काकवी आणली आणि घमेल्यातल्या आंबोणावर ओतली. गाईनं पुन्हा हुंगलं, जीभ लावली, आणि खायला लागली. घमेलं चाटून पुसून साफ केलं. मी आबांकडं असं बघितलं की जणू मलाच परीक्षेत पहिला नंबर मिळालाय. ते निघून गेले.

काही आठवड्यांनी तिचं दूध कमी झालं. मग ती रवंथ करेना. डोळे ओढल्यासारखे झाले, अंगावरचे केस उभे राहिले. सासूबाई म्हणाल्या, "त्या मक्यानंच झालंय."

त्या क्षणी मला गाईची काळजी वाटायला हवी होती. वाटतही होती. पण त्याच्याआधी माहेर आलं. मी म्हणाले, "मक्यानं न्हाई, पेंडीनं झालंय." पेंड आबांनी दौंडहून आलेल्या गाडीतून घेतलेली. म्हणजे हिशोब सरळ होता. आजार सासरचा आहे, एवढं ठरवायचं होतं.

"पेंडीला काय झालं?" सासूबाईंनी विचारलं.

पेपरात मी तेव्हा बीटी कापसाबद्दल काहीबाही वाचत होते. पेंड सरकीची, सरकी कापसाची, कापूस आता बीटीचा. बियाणातच किडीला मारणारं विष भरलेलं असतं, ते पेंडीत उतरतं आणि गाईच्या पोटात जाऊन तिचं आतडं खातं, असं मी सांगितलं. हे कुठल्या पेपरात होतं म्हणाल तर कुठल्याच नाही. बोलता बोलता मला सुचत गेलं. सासूबाई गप्प झाल्या. लग्नानंतर पहिल्यांदा माझ्या बारावीचा मला काही उपयोग झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी ते डेअरीवर सांगितलं, कारण आता ते त्यांचं ज्ञान झालं होतं. संध्याकाळपर्यंत गावात तीन गोष्टी नक्की झाल्या होत्या. बीटीची पेंड खाल्लेल्या गाईला वासरू होत नाही. तिचं दूध प्यायलं की पोरांची दाढी लवकर येते. आणि हे सगळं अमेरिकेनं मुद्दाम केलंय. अमेरिकेला खुटबावच्या गाईंशी काय वैर होतं ते कुणी विचारलं नाही.

मग ग्रामसभा झाली. एकानं पेंडीवर बहिष्कार घालायचा ठराव मांडला, दुसऱ्यानं बियाणं जाळायचा मांडला. जाळायला गावात बियाणं नव्हतं म्हणून तो मागं पडला. बौद्धवस्तीतले एक मामा, दौंडला रेल्वेत आयुष्य काढून आलेले, मागं बसले होते. ते उठून म्हणाले, "पेंड सगळ्या गावानं एकाच गाडीतनं घेतली. मंग आजारी एकच गाय कशी?"

 मग डेअरीच्या सचिवानं सांगितलं, "मामा, रेल्वेचं येगळं आन् गाईचं येगळं असतंय." सगळे हसले. बायकांत बसलेली मीही हसले, आणि सगळ्यांत जास्त घाम मला फुटला होता. ठराव मंजूर झाला. तो दोन दिवस पाळला गेला. तिसऱ्या दिवशी दूध कमी निघालं तशी ज्यानं त्यानं आपापली पेंड पुन्हा गुपचूप भिजत घातली. त्यांच्या गाईंना काही झालं नाही.

माझ्या घरी मात्र ठराव कडक पाळला. माझ्या गाईची पेंड मी पूर्ण बंद केली. आणि पेंड बंद केल्यावर तिची ताकद कमी पडू नये म्हणून मक्याचा भरडा दुप्पट केला. काकवीही दुप्पट.

डॉक्टर आले ते केडगावकडून, मोटारसायकलवर. त्यांनी ताप बघितला, पोटावर कान लावला, डोळ्याची पापणी ओढून आतला पिवळेपणा बघितला आणि विचारलं, "खायला काय घालता?"

"घास, उसाचं वाढं, पेंड. पेंड बीटीची होती," मी म्हणाले.

"त्यानं असं होत नाही. अजून काय?"

"अजून काही नाही."

आबा गोठ्याच्या मेढीला टेकून उभे होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी गाईकडं बघितलं. भरड्याचं पोतं आणि भिंतीलगतची मक्याची पोती मी सकाळीच आत, ज्वारीच्या कणगीमागं नेऊन ठेवली होती. आज मला तेव्हाच्या त्या बाईच्या, म्हणजे माझ्याच, कानाखाली वाजवावीशी वाटते. तेव्हा मला एवढंच दिसत होतं की डॉक्टरांनी मक्याचं नाव घेतलं तर सासूबाई ते पुढची तीस वर्षं घेतील. डॉक्टरांनी सलाईन लावलं, पोटाचं औषध दिलं आणि काही खाण्यात आलंय का ते आठवून सांगा म्हणून बजावून गेले. मी आठवत बसले नाही. आठवायला आधी विसरावं लागतं.

दोन दिवसांनी ती गाभडली. वासरू मेलेलं पडलं, अंगावर केसही नीट आले नव्हते. त्यानंतर ती बसली ती उठली नाही. डॉक्टर पुन्हा आले तेव्हा मी तिचं डोकं मांडीवर घेऊन रडत होते आणि मधूनमधून बीटीला शिव्या देत होते. दोन्ही मनापासून.

आबा आत गेले. कणगीमागून पोतं ओढून आणलं, न भरडलेल्या मक्याचंही एक आणलं, आणि त्याच्या तळाशी हात घालून मक्याचा एक गड्डाच बाहेर काढला. एकमेकांना चिकटलेले, हिरवे, आत हात लावला तर कोमट लागणारे दाणे. तो त्यांनी डॉक्टरांच्या पिशवीशेजारी ठेवला.

डॉक्टरांनी तो फोडून बघितला. "ही बुरशी नुसती बुरशी नसते," ते म्हणाले. "विष धरते. वाळवून जात नाही, भाजून जात नाही. लिव्हर खाऊन टाकते. हा मका किती दिवस चाललाय?"

मी गाईच्या कपाळावरच्या टिळ्यावर हात फिरवत राहिले.

"परवा मी विचारलं तेव्हा का नाही सांगितलं? त्याच दिवशी बंद केलं असतं तर काहीतरी करता आलं असतं."

सासूबाईंनी माझ्याकडं बघायला मान वळवली. तेवढ्यात आबा म्हणाले, "माझ्या ध्यानात न्हाई राह्यलं डाक्टरसायेब. म्हातारा माणूस हाय."

आयुष्यात जनावराच्या खाण्यातलं एक चिपाड न विसरलेला माणूस हे म्हणाला. मला तिथल्या तिथं जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

डॉक्टरांनी निघताना अजून एक विचारलं. हे विष दुधातून उतरतं, मग दूध कुठं घातलं? दूध डेअरीला घातलं होतं. डेअरीत फॅट बघतात. फॅट चांगली लागली होती. ते दूध पुण्यात कुणाच्या चहात गेलं ते त्या लोकांना कधी कळणार नाही, आणि बीटीवर पेपरात सगळ्यांत जास्त चर्चा तीच माणसं करत असतील.

त्याच दुपारी ती गेली. आबांनी खड्डा खणून घेतला, मीठ टाकलं, आणि तिच्याबरोबर उरलेली सगळी पोती खड्ड्यात ढकलली. लोक बघायला आले. "बीटीनं घास घेतला," म्हणाले. आबा "व्हय" म्हणाले. सासूबाईंनीही का कोण जाणे, मक्याचं नाव काढलं नाही. बहुतेक आबांनी त्यांना बजावलं असणार. गावात आजही ती बीटीनं मेलेली पहिली गाय आहे. नवीन लग्न होऊन आलेल्या सुनांना मला दाखवून सांगतात, हिची गाय ती.

पुढच्या भाऊबीजेला भाऊ आला. या वेळी साडी घेऊन. पाटावर बसल्या बसल्या म्हणाला, "त्या बीटीनं घात केला ताई तुझा." आबा ओसरीवर बसून ऐकत होते.

मी निरांजन लावता लावता त्याला विचारलं, "तो मका तू विकला का न्हाईस?"

"नेला व्हता की. कोंबडीच्या खाद्याच्या कारखान्यानं दारातनंच परत पाठवला. पिल्लं मरत्यात म्हणं असल्या मक्यानं." त्यानं हे अगदी सहज सांगितलं, लपवण्यासारखं त्यात काही आहे हे त्याला माहीतच नव्हतं. "म्हणलं, कोंबडी नाजूक. गाईला काय व्हतंय?"

वर्षभर मी हा प्रश्न विचारायची वाट बघत होते. त्याला काय काय बोलायचं ते मनात दहादा घोळवलं होतं. पण त्यानं मका आणला तेव्हा त्याच्या नाकाला वास आला नव्हता, आणि माझ्या आला होता. सासूबाईंच्या आला होता, आबांना बघून कळलं होतं, आणि तिनं तर माझ्यासमोर दोनदा तोंड फिरवलं होतं. मका त्याचा होता. काकवी मी घातली होती.

ओसरीवरून आबा म्हणाले, "वात इझतीय पोरी. ओवाळ पाव्हण्याला."

मी ताट उचललं आणि त्याला ओवाळलं.