सोमवारचा आकडा, रविवारचा आकडा

चष्मेवाल्यांच्या दुकानात शिरलेलं माणूस फार वेळ बुचकळ्यात राहत नाही. चष्मेवाले त्याला उंच खुर्चीत बसवतात, डोळ्यांसमोर काचा फिरवतात आणि विचारतात, "हे बरं, की हे?" गिऱ्हाईक "दोन्ही सारखंच दिसतंय" म्हणालं, की ते आवाज जरा खाली आणतात. "सारखं नसतं. नीट बघा आणि ठरवा." आणि गिऱ्हाईक ठरवतं. जन्मात स्वतःचा शर्टसुद्धा न निवडलेली माणसं त्या खुर्चीत बसून ठणकावून "हे!" म्हणून गेली आहेत.

दुसऱ्यांना असं ठरवायला लावणाऱ्या या चष्मेवाल्यांना मात्र महिनाभर एक इंजिन ऑइल ठरवता येईना.

झालं होतं असं. गावाबाहेरचा शर्यतीचा ट्रॅक महिन्यातून एका रविवारी हौशी लोकांना खुला असतो. आपली रोजचीच गाडी घेऊन जायचं, डोक्यावर हेल्मेट चढवायचं आणि रस्त्यावर जे करायची सोय नाही ते मनसोक्त करून यायचं. पन्नाशीला आलेले चष्मेवाले एकदा मेहुण्याच्या नादाने गेले आणि नादावले. अडचण एवढीच की गाडी घरात एकच, आणि सोमवार ते शनिवार ती बायकोची. ती फिजिओथेरपिस्ट. घडीचं टेबल डिकीत टाकून घरोघरी जायचं आणि आखडलेल्या लोकांना मोकळं करायचं, हा तिचा धंदा.

मागच्या वेळी रविवारी ट्रॅक झाला आणि सोमवारी इंजिन टकटक करायला लागलं. इतकं, की तिच्या तिसऱ्या मजल्यावरच्या गुडघेवाल्या पेशंट आजोबांनी खिडकीतून ओरडून विचारलं, "बाई, शिवणयंत्रावर बसून आलात का?" मेकॅनिकने ऑइल काढलं तर ते काळंभोर आणि पाण्यासारखं पातळ. "नशीब समजा," तो म्हणाला, "अजून काही झिजलेलं नाही."

घरी बायको शांतपणे बोलली. ती शांतपणे बोलली की चष्मेवाल्यांना आरडाओरडा फार प्रेमळ वाटायला लागतो.

"अहो, जा तुम्ही. माझी ना नाही. पण आता इंजिनाला काही झालं तर ट्रॅक बंद. कायमचा."

त्या दिवसापासून त्यांना दुसरं काही सुचेना. ऑइलच्या डब्यावर दोन आकडे असतात. पहिला आकडा सांगतो, थंड इंजिन सकाळी सुरू करताना ऑइल किती चटकन धावेल. तो जेवढा कमी तेवढं बरं. दुसरा सांगतो, इंजिन तापल्यावर ऑइल किती जाड राहील. एवढं त्यांना एका बैठकीत कळलं. पुढचा महिना ते न कळण्यात गेला.

"भाऊजी, साठ टाका, साठ!" मेहुणा म्हणाला. "दहा डब्ल्यू साठ. मधासारखं जाड. इंजिन पेटलं तरी ऑइल हलणार नाही."

"हललं नाही तर वर पोचणार कसं?"

"तुम्ही फार विचार करता."

ट्रॅकवर येणारे दातांचे डॉक्टर अगदी उलट. "पातळच वापरा आणि दर वेळी बदला. मी बदलतो."

"दातांच्या ब्रशसारखं?"

"ब्रश तरी लोक कुठे बदलतात!" डॉक्टर हळहळले आणि विषय हिरड्यांवर गेला.

मेकॅनिक चष्मेवाल्यांनाही डॉक्टरच म्हणायचा. डोळ्यांशी संबंध म्हणजे डॉक्टर, असा त्याचा हिशेब. "गाडीच्या पुस्तकात तीस लिहिलंय, डॉक्टर. मी तीस टाकतो. तुम्ही साठ म्हणालात तर साठ टाकतो."

"पण तुला काय वाटतं?"

"मला काय वाटायचंय? गाडी तुमची, बायको तुमची."

शेवटी एका संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर साठ, तीस आणि मधलं चाळीस असे तीन डबे रांगेने उभे राहिले. ताटं मांडायला जागा नव्हती. बायकोने डबे पाहिले, नवऱ्याचा चेहरा पाहिला आणि समोरची खुर्ची ओढली.

"बसा. ताठ बसा. हनुवटी पुढे." तिने दोन डबे उचलून त्यांच्या डोळ्यांसमोर धरले. "हे बरं, की हे?"

"अगं, दोन्ही तसे सारखेच..."

"सारखं नसतं," ती आवाज खाली आणून म्हणाली. "नीट बघा आणि ठरवा."

आपलीच खुर्ची इतकी टोचते, हे चष्मेवाल्यांना तेव्हा पहिल्यांदा कळलं.

"हा पहिला आकडा म्हणजे सकाळी गाडी सुरू करतानाचा ना?" बायकोने विचारलं. "मग तो माझा. सोमवारचा. तो मोठा चालणार नाही, मला आठला आजोबांकडे पोचायचं असतं. साठवाल्यावर तो दहा आहे, ते उचला टेबलावरून. दुसरा आकडा तापल्यावरचा, म्हणजे तुमचा, रविवारचा. तो तीस ठेवला तर मागच्यासारखं पाणी होणार. तीसवालंही उचला."

टेबलावर पाच डब्ल्यू चाळीस उरलं. चष्मेवाल्यांनी गाडीचं पुस्तक पुन्हा उघडलं. जोरात चालवणाऱ्यांनी चाळीस वापरलं तर चालेल, असं त्यात बारीक अक्षरात छापलेलं होतं. दुसऱ्यांना बारीक अक्षरं वाचायला लावण्यात ज्यांची हयात गेली, त्यांनी ते आजवर वाचलं नव्हतं.

पण एवढ्यावर थांबतील ते चष्मेवाले कसले! त्यांनी ऑइलचं तापमान दाखवणारा एक गोल मीटरही आणला. तो कुठे बसवायचा याचा त्यांनी धंद्याला शोभेल असा अभ्यास केला. डोळ्यांपासूनचं अंतर मोजलं, नजरेचा कोन साधला आणि स्टिअरिंगच्या मागे, मान न हलवता दिसेल अशा बरोब्बर जागी तो चिकटवला.

रविवारी बायकोही आली. "बघू तरी, माझा सोमवार कुठे जातो ते," म्हणाली आणि मेहुण्याशेजारी कठड्यापाशी उभी राहिली.

चष्मेवाले सकाळभर सुरेख चालवत होते. मीटरचा काटा चढायचा, ते एक फेरी हळू घ्यायचे, काटा उतरायचा. थांबले की इंजिनातली मोजपट्टी काढून ऑइलची पातळी पाहायचे, पुसायचे, पुन्हा पाहायचे. जेवणानंतर तिसऱ्या वळणाला गाडीने एक आचका दिला, मग दुसरा, आणि ती गपकन बंद पडली.

धोक्याचे पिवळे झेंडे हलले. दोर बांधून गाडी ओढत आणली. चष्मेवाले आत बसून होते, हेल्मेटसकट. ते काढलं तर लोकांना तोंड दिसेल, ही भीती.

माणसं जमली. "साठ सांगितलं होतं मी," मेहुणा म्हणाला. "पातळ हवं होतं," दातांचे डॉक्टर म्हणाले. दोघांनाही मनापासून दुःख झालं होतं आणि दोघेही त्यात सुखी होते.

चष्मेवाल्यांनी खाली उतरून पट्टी काढली. ऑइल स्वच्छ, सोनेरी, पातळी वरच्या खुणेला. "मग गेलं काय?" ते पुटपुटले. "आतून गेलं वाटतं सगळं."

पाण्याची बाटली घ्यायला बायको शेजारच्या सीटवर वाकली आणि तशीच थांबली.

"अहो, या गोल मीटरच्या मागे लाल दिवा कसला लागलाय?"

चष्मेवाले तिच्या बाजूच्या दाराने आत वाकले. ड्रायव्हरच्या जागेवरून तो दिवा दिसणं शक्यच नव्हतं. इतका अचूक त्यांनी मीटर बसवला होता. मागे पेट्रोलचा काटा तळाला टेकून पडला होता.

"पेट्रोल!" ते ओरडले. "अगं, नुसतं पेट्रोल संपलंय!" लॉटरी लागल्यासारखे ते बाहेर आले. मेहुण्याला मिठी मारली, डॉक्टरांना मारली, बॉनेटलाही मारणार होते, पण ते तापलेलं होतं. मग भानावर येऊन बायकोसमोर उभे राहिले. "इंजिनाला काही झालेलं नाही हं. अट इंजिनाची होती."

"इंजिनाची होती," बायको म्हणाली. "चष्मेवाल्याला समोरचा दिवा दिसत नाही, याची अट घालावी हे मला तरी कुठून सुचणार?"

ट्रॅकवर हशा पिकला. निकाल मात्र तिने घरी पोचेपर्यंत सांगितला नाही. झोपतानाही सांगितला नाही.

सोमवारी सकाळी चष्मेवाले दात घासायचे थांबून गॅलरीत उभे राहिले. खाली बायकोने टेबल डिकीत टाकलं, किल्ली फिरवली. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. टकटक नाही, कुरकुर नाही. त्यांनी तोंडातल्या फेसासकट श्वास सोडला.

गाडीची काच खाली झाली. "अहो! तो मीटर काढून तुमच्या चपलांच्या कपाटावर ठेवलाय."

चष्मेवाल्यांचा चेहरा पडला.

"पुढच्या वेळी माझ्या बाजूला चिकटवा. काटा मी वाचेन. तुम्ही रस्त्याकडे बघा." आणि काच वर करता करता तिने विचारलं, "ते हेल्मेट माझ्या मापाचं मिळतं का?"